पावटेनगरातील पहिले सत्र

गेल्या वर्षीपर्यंत याच अंकाच्या मराठी विभागासाठी मी वर्गावर्गातून लेख गोळा करीत हिंडत होते. "लेख कसला लिहायचा, काही सुचत नाही" असे सांगणाऱ्या मैत्रिणींवर मी रागावतही असे. यंदा सरांनी मलाच निरोप पाठवला : "तू आता विद्यापीठात आहेस. मागून येणाऱ्या मुलांना उपयोगी पडेल असे काही लिहून दे." तेव्हा त्या मैत्रिणींची मनोमन क्षमा मागून लिहावयास बसले आहे. माझा अनुभव एम. कॉम.च्या एका सत्राचा आणि वर थोड्या आठवड्यांचा. एवढ्या शिदोरीवर उपदेश करणे शोभणार नाही. पण रस्त्यातले खड्डे ताजे आठवतात, ते सांगता येतील.

आमचे घर तारिहाळला. वडील तिथल्या औद्योगिक वसाहतीत व्हॉल्व्ह बनविणाऱ्या एका कारखान्यात फिटर आहेत. दहावीपर्यंत मी आजोळी, खानापूर तालुक्यात, मराठी शाळेत शिकले. कन्नड शाळेत एक विषय म्हणून होते, पण बोलावयास शिकले ते इथे आल्यावर, गल्लीतल्या नळावर. पी. यू. सी.ला एकदम इंग्रजी माध्यम आले आणि 'नावे' व 'जमा' यांना डेबिट-क्रेडिट म्हणण्याची सवय लागेपर्यंत पहिले वर्ष सरून गेले. हे सारे आपल्या कॉलेजातल्या पुष्कळांचे असते, म्हणून लांबवीत नाही.

बी. कॉम.चा निकाल लागला त्याच आठवड्यात वडिलांच्या ओळखीने हिशेबनिसाची एक जागा चालून आली. पगार महिना बारा हजार. घरापासून पायी पंधरा मिनिटे. एम. कॉम. करायचे म्हणजे दोन वर्षे तो पगार सोडायचा. आपण वाणिज्याचे विद्यार्थी, तेव्हा मी वही घेऊन 'संधी-खर्च' मांडला : चोवीस महिन्यांचे दोन लक्ष अठ्ठ्याऐंशी हजार, वर फी, पुस्तके, डबा. समोरच्या बाजूला लिहिण्यासारखे तेव्हा माझ्यापाशी काहीच नव्हते. प्राध्यापकीची परीक्षा, बँकेच्या परीक्षा, सगळे 'होईल तर होईल'. वडिलांनी ते पान बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "हा आकडा आईला दाखवू नकोस. अर्ज भर." धाकटा भाऊ यंदा दहावीला आहे. त्यामुळे 'अर्ज भर' या दोन शब्दांची किंमत काय, हे मला त्या वहीइतकेच ठाऊक होते.

आता विद्यापीठाविषयी. आपल्या पदवीच्या कागदावर ज्याचे नाव छापलेले असते त्याचा इतिहास आपल्यातील कितीकांना माहीत असतो? मलाही नव्हता. १९१७ साली धारवाडला कर्नाटक कॉलेज निघाले, पण परीक्षा मुंबई विद्यापीठाच्या. या भागासाठी स्वतंत्र विद्यापीठ व्हावे ही मागणी पुष्कळ जुनी. १९४९ साली मुंबई प्रांताच्या विधिमंडळाने कायदा केला, आणि गंमत अशी की कर्नाटक विद्यापीठाचे काम प्रथम मुंबईतच सुरू झाले. ऑक्टोबर १९५० मध्ये ते धारवाडला आले. १९५४ ते १९६७ ही तेरा वर्षे कुलगुरू होते डॉ. डी. सी. पावटे. बेळगाव जिल्ह्यातले, केंब्रिजचे रँग्लर, आणि पुढे पंजाबचे राज्यपाल. आज दिसणारा हा विस्तीर्ण परिसर बहुतांशी त्यांच्या कारकीर्दीत उभा राहिला, म्हणूनच त्याचे नाव पावटेनगर. पुढे १९८० साली गुलबर्गा विद्यापीठ आणि २०१० साली बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ वेगळे झाले. तरीसुद्धा आपल्यासारख्या एका इमारतीच्या कॉलेजातून जाणाऱ्याला ते मोठेच वाटते. पहिल्या दिवशी मी वाणिज्य विभाग शोधीत चुकीच्या दिशेने दोन फर्लांग चालत गेले आणि शेवटी एका माळ्याने मला परत फिरविले.

अर्जाची कथा मात्र सविस्तर सांगितली पाहिजे, कारण तिथे बुद्धीपेक्षा कागद जास्त लागतात. अर्ज आता संगणकावर भरावा लागतो, त्यामुळे तो 'सोपा झाला' असा समज आहे. माझे नाव शाळेच्या दाखल्यावर मराठी रीतीने आहे : आधी माझे, मग वडिलांचे, मग आडनाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी. आधार कार्डावर वडिलांच्या नावाचे नुसते आद्याक्षर. तिन्ही ठिकाणी मी एकच आहे हे मला माहीत. यंत्राला कोण सांगणार? मी आधारवरून नाव भरले आणि गुणपत्रिका जोडली ती वेगळ्या नावाची. चूक सर्वस्वी माझी. दुरुस्तीसाठी वकिलाकडे जाऊन प्रतिज्ञापत्र करावे लागले. त्यात तीन दिवस गेले, आणि मुदत संपावयास चारच दिवस होते. म्हणून, पदवीच्या शेवटच्या वर्षाला असणाऱ्यांनो, आजच घरी जाऊन दहावीची गुणपत्रिका, आधार, बँकेचे पासबुक आणि जातीचा दाखला शेजारी शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहा. दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव प्रमाण धरावे. बाकीचे कागद त्याच्याप्रमाणे करून घ्यावेत. शिष्यवृत्तीचा अर्ज राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर वेगळा भरावयाचा असतो आणि तिथेही हेच नाव, हेच आधार, हेच खाते जुळावे लागते. जात व उत्पन्नाचे दाखले नाडकचेरीतून मिळतात. निकालाच्या गर्दीत तिथे जाण्यापेक्षा मार्च-एप्रिलमध्ये जावे. हल्ली प्रत्येक विद्यार्थ्याचे 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये खातेही काढावे लागते. ही बँक मोठी मजेची : हिच्यात नुसते क्रेडिटच, समोर डेबिटची बाजूच नाही. आपल्या अकाउंटन्सीच्या मॅडमना ती मुळीच पसंत पडणार नाही.

प्रवेशपरीक्षेचे थोडक्यात सांगते. पदवीच्या गुणांबरोबर तिलाही वजन असते. त्या वर्षीच्या अधिसूचनेत नेमके काय म्हटले आहे ते स्वतः वाचावे, मैत्रिणीने सांगितलेले धरून चालू नये. प्रश्न बहुपर्यायी असतात. आपल्याला मोठी उत्तरे लिहिण्याची सवय, त्यामुळे 'थोडेसे येते' तेवढ्यावर निभावते. बहुपर्यायी प्रश्न त्या 'थोडेसे'ला पकडतो. मी पहिल्या वर्षाचे फायनान्शियल अकाउंटिंगचे पुस्तक पुन्हा काढले, आणि घसाऱ्याच्या दोन पद्धतींतला फरक आपल्याला खरोखर कधी कळलाच नव्हता, हे मला तीन वर्षांनी कळले.

प्रवेश मिळाला. मी वसतिगृह घेतले नाही. आईचे गुडघे दुखतात आणि पहाटेचे पाणी भरणे माझ्याकडे आहे. तेव्हा रोज तारिहाळहून हुबळी, हुबळीहून धारवाड, तिथून पुढे विद्यापीठ. हुबळी-धारवाडच्या मधल्या राखीव मार्गावरून धावणाऱ्या 'चिगरी' बसगाड्या आपण सर्व जाणतोच. चिगरी म्हणजे हरीण, आणि धावतातही तशाच. परंतु त्या वातानुकूलित. ११ जून २०२३ पासून राज्यात स्त्रियांना शक्ती योजनेखाली साध्या बसमध्ये तिकीट पडत नाही. म्हणून मी हरणावर न बसता साध्या गाडीने जाते. वेळ अधिक लागतो. जाऊन-येऊन साडेतीन तास. या साडेतीन तासांचे काय करायचे हा माझ्या पहिल्या सत्रातला सर्वांत मोठा प्रश्न ठरला, आणि त्याचे जे उत्तर मी प्रथम काढले ते साफ चुकीचे होते.

मी ठरविले, तास संपला की लगेच निघायचे. घरी लवकर पोहोचायचे, स्वयंपाकाला हातभार लावायचा आणि रात्री एकटीने अभ्यास करायचा. तक्रारीला जागा नको, असे शिस्तीचे वेळापत्रक. वर्गात मी तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसे. मुलांचे घोळके आपापल्या गावचे. गदगकडचे एका बाजूला, कारवार-शिरसीकडचे दुसऱ्या बाजूला, धारवाडच्याच कॉलेजातून आलेले पुढे. बोलणे कन्नडात, तेही भराभर, शिकविणे इंग्रजीत, आणि मी मनात मराठीत भाषांतर करीत एक वाक्य मागे. दोन महिने मी वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. पहिल्या अंतर्गत चाचणीत कॉस्ट अकाउंटिंगला मला निम्म्याहूनही कमी गुण पडले. बी. कॉम.ला याच विषयात मी वर्गात दुसरी आले होते! त्या दिवशी बसमध्ये मला तो बारा हजारांचा आकडा पुन्हा आठवला. घरी मी गुण सांगितले नाहीत. वडिलांनीही विचारले नाहीत. ते अधिक जड गेले.

दुसऱ्या दिवशी धीर करून सरांच्या खोलीत गेले. "मला झेपत नाही असे दिसते," म्हणाले. सरांनी पेपर पाहिला आणि उलट विचारले, "अभ्यास कोणाबरोबर करतेस?" मला प्रश्नच कळला नाही. अभ्यास काय कोणाबरोबर करायचा असतो? तेव्हा त्यांनी मला एक हकीकत सांगितली, आणि मग मी ती शोधून वाचली. ती या लेखाचा गाभा आहे, म्हणून थोडी विस्ताराने देते.

१९७०-८०च्या दशकात अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात यूरी ट्रीझमन नावाचा एक तरुण गणितज्ञ होता. पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी फार मोठ्या प्रमाणात मागे पडत आणि चिनी वंशाचे विद्यार्थी चांगले यश मिळवीत. असे का, हे त्याने सहकाऱ्यांना विचारले. उत्तरे ठरलेली आली : पूर्वतयारी कच्ची, घरची परिस्थिती, जिद्द कमी, आईवडिलांचे लक्ष नाही. ट्रीझमनने या उत्तरांवर विसंबून न राहता दोन्ही गटांतील वीस-वीस विद्यार्थी घेतले आणि कित्येक महिने ते प्रत्यक्ष अभ्यास कसा करतात हे त्यांच्या मागे राहून पाहिले. वरची सगळी उत्तरे फोल ठरली. मागे पडणारी मुले कष्टाळू होती, घरच्यांनी मोठ्या आशेने पाठविलेली होती, वर्ग चुकवीत नव्हती. पण ती अभ्यास एकटी करीत. मित्र वेगळे, अभ्यास वेगळा. शाळेत हीच शिस्त त्यांना यशापर्यंत घेऊन आली होती. उलट चिनी मुले आधी एकेकटी उदाहरणे सोडवीत आणि मग संध्याकाळी एकत्र जमून एकमेकांची उत्तरे तपासीत. कोणाचे उत्तर वेगळे आले तर चूक त्याची; सर्वांचेच अडले तर प्रश्न कठीण. एकट्या मुलाला हा भेद कळण्याचा मार्गच नसतो. त्याला वाटते, आपणच कमी. मग ट्रीझमनने कच्च्या मुलांसाठी सोपी शिकवणी न काढता, उलट अधिक कठीण उदाहरणे एकत्र बसून सोडविण्याचे वर्ग काढले, आणि त्यांत येणाऱ्या मुलांचे निकाल पालटले.

मी वाचीत होते आणि माझेच वेळापत्रक समोर दिसत होते. याचा अर्थ एकटीने अभ्यास करूच नये असा नाही. ती मुलेही आधी एकेकटीच बसत. एकत्र बसणे म्हणजे दुसऱ्याची वही उतरविणे नव्हे. तसे घोळके आपण कॉलेजात भरपूर पाहिले आहेत, आणि त्यांचे निकालही पाहिले आहेत.

दुसऱ्या आठवड्यात दोनच्या तासानंतर मी निघाले नाही. ग्रंथालयात गदगकडची एक मुलगी मार्जिनल कॉस्टिंगचे तेच उदाहरण घेऊन बसली होती ज्यावर मी आदल्या रात्री अडले होते. मी उभीच होते. तिने वर पाहिले आणि म्हणाली, "बा, इल्ले कुंद्र." ये, इथेच बस. एवढेच. तिचेही उत्तर चुकले होते, पण माझ्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी! दोघींनी मिळून ते पाऊण तासात काढले.

ती कन्नड माध्यमातून आलेली. आम्ही दोघी इंग्रजीला सारख्याच घाबरणाऱ्या, आणि हीच आमची सोय झाली. संज्ञा पक्की करायची तर आम्ही ती तीन भाषांत म्हणतो. आपली कीर्द तिची 'किर्दि'. ताळेबंदाला तिच्या गावच्या सहकारी संघाच्या अहवालात 'अढावे पत्रिके' म्हणतात; म्हणजे आपला आढावाच की! ट्रायल बॅलन्सला आपण तेरीज म्हणतो, तिच्याकडे ती 'ताळे पट्टी'; तेव्हा ताळा दोन्ही घरचा. एकाच ठिकाणी आमचे भांडण झाले. कन्नडात डेबिटला 'खर्चु' म्हणतात. मी म्हटले, यंत्र विकत घेतले तर यंत्राचे खाते डेबिट होते, तो खर्च कसा? आपले 'नावे' बरे, कोणाच्या नावे मांडले एवढेच ते सांगते. तिने उलट विचारले, मग सर्व नोंदी कोणा ना कोणा खात्याच्या नावेच असतात, क्रेडिटची नोंदही कोणाच्या तरी नावेच ना? मला उत्तर सुचले नाही. पण त्या भांडणानंतर भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतला फरक मी आता झोपेतही सांगेन.

भाषा बदलत मोठ्या विद्यापीठापर्यंत गेलेला माणूस आपल्या धारवाडातच होऊन गेला. गिरीश कार्नाड १९३८ साली माथेरानला जन्मले. त्यांचे आरंभीचे शिक्षण मराठीत झाले. पुढे शिरसी, मग धारवाड. कर्नाटक कॉलेजातून १९५८ साली गणित व संख्याशास्त्र घेऊन बी. ए. झाले आणि ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर १९६० ते १९६३ ऑक्सफर्डला होते. तिथल्या विद्यार्थ्यांच्या प्रसिद्ध ऑक्सफर्ड युनियनचे ते अध्यक्षही झाले. इंग्रजीत कविता लिहिण्याची उमेद बाळगणाऱ्या या तरुणाने विलायतेला जाण्याच्या धांदलीत पहिले नाटक लिहिले ते 'ययाति', आणि ते कन्नडात. म्हणजे मराठीतून सुरुवात केली म्हणून कुठले दार बंद झाले, असे काही दिसत नाही.

आणि आपल्या विषयातले उदाहरण हवे तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे घ्यावे. त्यांना आपण घटनाकार म्हणून ओळखतो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून फारसे वाचीत नाही. बडोदे संस्थानाची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी घेऊन ते जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. नव्या जागी राहण्या-जेवण्याची घडी बसण्यास त्यांनाही वेळ लागला, बिऱ्हाड बदलावे लागले. नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी तिथे जमलेली मैत्री जन्मभर टिकली. त्यांनी तिथे घेतलेल्या अभ्यासक्रमांची यादी पाहावी : अर्थशास्त्राचे एकोणतीस, इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच, मानववंशशास्त्राचे चार, राज्यशास्त्राचे तीन, वर थोडे फ्रेंच, थोडे जर्मन. मोठ्या विद्यापीठाचा लाभ म्हणतात तो हा. पुढे लंडनला असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंधही प्रथम फेरलेखनासाठी परत आला होता, आणि नंतरच १९२३ साली डी. एस्सी. मिळाली. अंतर्गत चाचणीच्या गुणांनी मी आठवडाभर सुतकात होते, हे इथे लिहिताना लाज वाटते.

काही किरकोळ गोष्टी राहिल्या. पंचाहत्तर टक्के हजेरीचा हिशेब सत्राच्या शेवटी करू नये. बस चुकलेले दिवस नकळत साठतात. बसवनाळ ग्रंथालयाचे ओळखपत्र पहिल्याच आठवड्यात करून घ्यावे. प्राध्यापकांच्या खोलीत जाताना 'समजले नाही' असे म्हणू नये. कुठल्या ओळीपर्यंत समजले ते पेन्सिलीने खूण करून न्यावे, म्हणजे दोघांचाही वेळ वाचतो. डबा थोडा जास्त न्यावा, ओळखी लवकर होतात. आईच्या हातच्या भाकरीने मला जेवढ्या मैत्रिणी मिळवून दिल्या तेवढ्या माझ्या इंग्रजीने खात्रीने दिल्या नसत्या. इंग्रजी बोलताना चुकले तर हसणारे एक-दोघे असतात, पण बाकीचे आपली पाळी येईल या धास्तीत असल्यामुळे हसत नाहीत.

दुसऱ्या चाचणीत कॉस्ट अकाउंटिंगला मला बरे गुण पडले. फार नव्हे, पण घरी सांगण्याजोगे. वडिलांनी जेवता जेवता ऐकले आणि भावाला म्हणाले, "उद्यापासून गणिताला शेजारच्या मंजुनाथाला बोलाव. दोघे इथेच ओट्यावर बसा." ओट्यावर दिवा नव्हता, तो रविवारी त्यांनी लावून घेतला.

घरी पोहोचावयास आता मला सात वाजतात. पहाटेचे पाणी भाऊ भरतो; कुरकुरत, पण भरतो. पुढच्या वर्षी आपल्या कॉलेजातून जे कोणी पावटेनगरात येतील त्यांनी दोननंतर ग्रंथालयात डोकवावे. आम्ही आता पाच जणी आहोत, आणि बाक सहांचा आहे.